मालकाचा डोंगर

तुम्ही हसाल, पण लातूर जिल्ह्याच्या कागदात एका डोंगराचं नाव माझ्यामुळं चुकलं. जिल्हा नवा, मी नवाच लागलेला कारकून आणि वर दुष्काळ. त्या आडरानातल्या डोंगरावर दुष्काळी काम निघायचं होतं. पण नावाशिवाय मंजुरी नाही, आणि गाव कामाची वाट बघत बसलेलं.

पायथ्याला एक म्हातारी शेळ्या चारत होती.

"मावशी, ह्या डोंगराचं नाव काय?"

ती लाजली. "मला न्हाई घेता येत. आमच्या मालकाचं बी तेच हाय."

"मग दुसऱ्या कुणाला विचारू?"

"गडीमानसं समदी पान्याच्या टँकरमागं गेलीत."

आमची जीप निघाली होती. मी घाईत लिहिलं, 'मालकाचा डोंगर'.

मंजुरी आली. कामावर गेलो, तर मावशीचे मालक महादेवअप्पा दगडावर बसून सगळ्यांना सांगत होते, "सरकारनं डोंगर माझ्या नावावर केलाय!"

मी ओशाळून मावशीला म्हणालो, "चुकलंच माझं. दुरुस्ती करून घेतो."

"नगा करू, सायेब," तिनं मातीची पाटी खाली ठेवली. "लगीन होऊन आल्यापासनं पैल्यांदा मला ह्या डोंगराचं नाव घेता येतंय."