बुधवाऱ्यातले मंतरलेले तांदूळ

मला सांगा, चोरी व्हायच्या आधीच चोर सापडलेला तुम्ही कुठं पाहिलाय? नाही ना? आमच्या आळीत, बुधवाऱ्यात, सापडला होता! नाव-गाव सगळं ठरलेलं, फक्त घरातून काहीतरी जायचं तेवढं बाकी होतं... आणि हे ठरवणारी कोण, तर मालतीबाई! प्रभाकर मास्तरांची बायको! बाई वाईट नव्हती हो, मुंग्यांना साखर घालणारी बाई ती, पण झालं काय, तुम्हाला सांगते.

त्रेपन्न सालचा चैत्र. आदल्याच वर्षी सरकारनं तो जुना कायदा काढून टाकला होता, तोच हो, ज्यात काही जमातीच्या जमाती चोर म्हणून लिहिल्या होत्या, बाळ पाळण्यात आणि नाव चौकीच्या वहीत! त्यांची पालं बहादरपूरच्या रस्त्याला. रोज चौकीत हजेरी द्यावी लागायची, म्हणून गाव त्यांना 'हजेरीवाले'च म्हणायचं. कायदा गेला, हजेरी गेली, पण नाव कधी जातं का हो? मास्तर मात्र शाळेत भाषण ठोकून घरी आले, "मालती, जन्मानं कोणी चोर नसतो! सुरुवात आपल्या घरापासून!" आणि हजेरीवाल्यांच्या रंभाबाईला भांड्यांना लावून मोकळे झाले. सुरुवात घरापासून, खरंय... पण घरात दिवसभर असतं कोण? मास्तर तर शाळेत!

बरं, रंभाबाई कामाला चोख. कढईत तोंड बघून घ्यावं! मालतीबाई तिला चहा द्यायची, चांगल्या कपातून द्यायची, आणि तिची पाठ फिरली की कप मोजायची. आता बोला! वाईट नव्हती हो बाई, मोजताना तिचं तिलाच कसंतरी व्हायचं, पण मोजायची!

मग आलं चैत्रातलं हळदीकुंकू. आम्ही सगळ्या मालतीबाईकडं जमलो, आणि तिचा माहेरचा चांदीचा करंडा कोनाड्यात नाही! झालं! शेजारची निर्मलावहिनी लगेच, "मी म्हटलंच होतं!" कधी म्हटलं होतं? कोणाला म्हटलं होतं? पण म्हटलं होतं! मथुराबाई आमच्यात सगळ्यात वडील, त्या म्हणाल्या, "थांबा गं, उगाच कोणाचं नाव घेऊ नये. तांदूळ मंतरू." म्हणजे काय, तर मारुतीपुढं तांदूळ ठेवायचे, मग प्रत्येकीनं मूठभर कोरडे चावायचे आणि केळीच्या पानावर टाकायचे. चोराच्या तोंडाला कोरड पडते, त्याचं पीठ कोरडंच पडतं!

बसलो हो ओळीनं, रंभाबाईला शेवटी बसवलं. कचकच, कचकच... हळदीकुंकवाला आलेल्या बायका, अंगावर ठेवणीतली लुगडी आणि तोंडात तांदूळ! निर्मलावहिनीचे निम्मे कोरडे. "सकाळपासून चहा नाही ना घेतला!" माझे? माझं सोडा.

आणि मालतीबाई चावता चावता एकदम थांबली. कारण तिला आठवलं! रंभाबाई पहिल्या दिवशी कामाला यायची होती ना, त्याच्या आधी तासभर तिनं स्वतःच्या हातानं तो करंडा तुरीच्या डाळीच्या मडक्यात खोल खुपसून ठेवला होता. का? तर चोरीला जाऊ नये म्हणून! तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पानावर पडलं ते कोरडं ठणठणीत पीठ. मथुराबाई म्हणाल्या, "यजमानिणीचं धरत नाहीत गं. चल रंभे, तू!"

रंभाबाईनं चावले. ओले, बारीक, अगदी गंधासारखे! सुटली म्हणाल ना? छे! मथुराबाई डोळे फिरवून म्हणतात, "बघा, कशी मुरलेली आहे! चावून राहिली आरामात, भीतीच नाही!" कोरडे पडले असते तर चोर, ओले पडले तर मुरलेली चोर... या बाईनं थुंकायचं तरी कसं, सांगा! निर्मलावहिनी म्हणाली, "चौकीत कळवा."

तेव्हा रंभाबाई पहिल्यांदा बोलली. "चौकीत नका बाई. आत्ता कुठं हजेरी सुटली आमची. एकडाव वहीत नाव चढलं तं मग ते निघत नाही."

आणि मालतीबाई गप्प. वाईट नव्हती हो... पण चार बायकांत मान खाली जाईल म्हणून गप्प! आम्ही चौकीत कोणाला पाठवायचं ते ठरवेपर्यंत गप्प! मग उठली, मडकं आणलं, भडाभडा ओतलं. डाळीत करंडा. "मीच ठेवला होता. तिच्या भीतीनं ठेवला, आणि विसरले."

हुश्श म्हणालात? म्हणू नका! निर्मलावहिनीनं डोळ्यांना पदर लावला, "काय मन आहे बाईचं! लपवला त्या रंभेनं, आणि ही स्वतःवर घेतेय!" मालतीबाई म्हणते, "अहो, शपथ! मीच!" मथुराबाई म्हणतात, "असू दे पोरी, देव बघतोय." ती जितक्या शपथा घेई, तितकी मोठी होई. शेवटी रडायला लागली, तर त्याचंही कौतुक! मी मान हलवली का? हलवली हो... सगळ्याच हलवत होत्या. रंभाबाईनं सांडलेली डाळ भरली, झाडून घेतलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाई नेहमीच्या वेळेला आली, भांडी घासली, आणि निघताना उंबऱ्याशी थांबून, कोणी सांगितलं नसताना, पदर झटकून दाखवला... आणि मालतीबाईनं बघितला.