आरशातला हात

किती डाव सांगायला लावता रे तेच? ऐका, मधी बोलू नका.

वाटूरचा इरफान आमच्या कंपनीत ट्रेलर चालवायला शिकत होता. त्या दिवशी रिव्हर्सची परीक्षा, नापास झाला की घरी. मी मागं उभा. हात आडवा करून वरडलो, "बस!" तरी गडी आलाच. मागं लावलेली माझी मोटारसायकल चपटी!

सुपरवायझर गजानन वरडला, "हाकला याला!"

इरफान रडकुंडीला. "चाचा, आरशात हात दिसला. 'ये, ये' करून राह्यलता."

हात गजाननचा! माझ्या मागं उभा राहून चहावाल्याला बोलवत होता बेणं. मालकासमोर मी तोंडावर सांगितलं. इरफान राह्यला.

आता तो ट्रेलर घेऊन नागपूरला जातो. चूक नसताना अजून माझी माफी मागतो. ज्यानं मागायची, त्यानं अजून न्हाई मागितली. त्या गजाननानं.