बावीस सेकंदांचा टाहो

—अहो तोच. तुमच्या नातीच्या दप्तरावर कार्टूनमधला पोरगा आहे ना, केस उभे, कपाळाला लाल पट्टी, चौदा वर्षांचा — तो मी. म्हणजे त्याचा आपल्या भाषेतला आवाज माझा. नका अशा बघू, मला सवय आहे. एकोणपन्नास वर्षांची बाई, गुडघे दुखतात, चष्मा आहे, आणि पोरं म्हणतात ठिणग्या कसला भारी ओरडतो. ठिणग्या कुठला, मी ओरडते, काचेच्या खोलीत उभी राहून, पोटाशी उशी धरून. नाही नाही, लिहू नका, तुम्ही नुसती मान हलवा, मला समजतं. तुमच्या वहीवर शाळेचा शिक्का आहे, म्हणजे शिकवता तुम्ही, म्हणून मी आपली बाईच म्हणते हं. घशाचं ऑपरेशन होऊन किती दिवस झाले? नऊ? आणि नऊ दिवसांत एक शब्द नाही? कमाल आहे तुमची. मला डॉक्टरांनी काल सांगितलं, उद्या येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि बघताय तुम्ही — काउंटरवरची मुलगी मघापासून माझ्याकडे डोळे वटारतेय.

नात काय म्हणते पण, मालिका आवडते तिला? ... थोडी कंटाळली? कंटाळणारच. मी कंटाळलेय, मी तर त्यात राहते. नऊ वर्षांपूर्वी आम्हाला सांगितलं होतं, दोन वर्षांत संपेल. दोन! शेवटची लढाई सुरू होऊन सव्वा वर्ष झालं, अजून दोघं त्याच पुलावर उभे आहेत. तो लोखंड्या, तो खलनायक हो, तो मूठ उगारतो. भाग संपला. पुढच्या आठवड्यात काय? पहिली पाच मिनिटं मागच्या वेळचंच, मूठ उगारतोय. मग छपरावर उभी असलेली चार माणसं एकमेकांना सांगतात की त्याने मूठ उगारली आहे. दिसतंय आम्हाला. मग ती मूठ जवळून. मग आणखी जवळून. तिसऱ्या भागात त्या मुठीचं बालपण दाखवलं, खोटं नाही सांगत, ती मूठ लहान होती तेव्हा तिने कुणाकुणाला मारलं ते सगळं. आणि चौथ्या भागात ठोसा येतो, तर आमचा ठिणग्या खाली वाकतो. संपलं. एवढं गुऱ्हाळ कशासाठी, तर तो खाली वाकला. आणि त्या चारही भागांत मी काय करतेय? दात-ओठ खाऊन गुरगुरतेय. नुसती गुरगुर, एका बैठकीत साडेतीन तास. शब्द असले तर घशाला तेवढाच विसावा, मध्ये श्वास घेता येतो — पण गुरगुरण्यात स्वल्पविराम कुठला हो?

बरं, ताणताय ना, ताणा. मग जिथे थांबायला हवं तिथे तरी थांबा. तिथे यांना कुठली गाडी गाठायची असते कोण जाणे. गेल्या महिन्यात गुरुजी मेले — हो, पाहिला ना तुम्ही तो भाग — ज्यांनी त्याला लहानाचं मोठं केलं ते गुरुजी. त्यांना किती वेळ? दोन मिनिटं. पडले, त्याचा हात धरला, गेले, त्याने टाहो फोडला, बावीस सेकंद. आणि टाहो संपतो न संपतो तोच ते स्वयंपाकी बदक सूपच्या पातेल्यात पडतं आणि हा पोट धरून हसतो. अहो, प्रेत समोर आहे. निदान पांघरूण तरी घाला कुणीतरी त्या म्हाताऱ्यावर. मी दिग्दर्शकाला म्हटलं, हे काय आहे, तर म्हणाले, मूळ मालिकेतच तसं आहे, आपण फक्त ओठ जुळवायचे. ते खरंच आहे म्हणा. तिकडे लिहिणाऱ्यांनी वाट्टेल ते लिहायचं, आणि इकडे मी एका मिनिटात ऊर बडवून खिदळायला लागायचं. खिदळणं वर, नाकात. रडणं खाली, पोटात. घसा म्हणजे काय जिना आहे का, चढा आणि उतरा.

डॉक्टरांनी फोटो दाखवला तुम्हाला तुमच्या घशाचा? मला दाखवला. दोन गाठी, तांदळाएवढ्या, समोरासमोर. शेजारणींसारख्या. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, आवाज एकदम स्वच्छ होईल. तेच तर नको आहे मला, बाई. मी ठिणग्याच्या आवाजाची चाचणी द्यायला गेले होते तेव्हा मला सर्दी होती. घसा बसलेला, खरखरीत. माझ्या आधी अकरा जणी गोड आवाजाच्या होऊन गेल्या होत्या, आणि मालिकावाले म्हणाले, हाच, हाच पोरगा. आठ दिवसांत सर्दी बरी झाली. मग काय करणार? दाबून आणायला लागले ती खरखर. घसा आवळायचा, आत घासायचा, रोज. तिसऱ्या वर्षी आवळावं लागेना, आपोआप यायला लागली. मला वाटलं, वा, जमलं आपल्याला. जमलं कसलं, गाठी झाल्या होत्या. म्हणजे ठिणग्या कोण, तर त्या दोन गाठी. त्या काढल्या की मी आहे, तो नाही. आणि नाही काढल्या तर डॉक्टर म्हणतात, अशी आणखी एक किंकाळी मारलीत तर आत रक्त येईल, मग दार वाजलं तर कोण आहे म्हणून विचारायलाही आवाज उरणार नाही. आता तुम्हीच सांगा, यांनी दोन वर्षांत आटोपतं घेतलं असतं तर? चांगल्या धडधाकट गळ्याने मी त्याला शेवटापर्यंत नेलं असतं. त्या मुठीच्या बालपणापायी माझा गळा गेला.

काय लिहिताय? थांबा, चष्मा... "नात त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, गुरुजी मेले आणि याला आनंदच झाला."

... हं.

नाही, रागवत नाही. कशाला रागवू? सगळीकडे तेच लिहिलंय. तो बावीस सेकंदांचा तुकडा कापून पोरं एकमेकांना पाठवतात, खाली काय काय लिहितात — सुट्टी लागली वाटतं याला, म्हणून. मोठी माणसंसुद्धा लिहितात, या मालिकेला सूरच नाही, कधी काय वाटायला हवं तेच कळत नाही बनवणाऱ्यांना. मीही हो ला हो केलं. मघाशी तुमच्यापुढेही केलंच की, बदक आणि पातेलं आणि काय. बदक त्यांचं आहे, बाई. ते बदक खरंच त्यांचं. पण तो टाहो — मूळ मालिकेत तो पोरगा काय रडलाय. मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. त्याच्या भाषेतलं अक्षर कळत नाही मला, तरी.

त्या दिवशी सकाळभर गुरगुर होती. खरं तर किंकाळ्या अगदी शेवटी घ्यायच्या असतात, दिवसभराचं बोलणं संपल्यावर, हे शाळकरी पोराला कळेल. पण त्या दिवशी सगळा क्रम उलटापालटा, आणि मीही बोलले नाही, कारण बोलले असते तर विचारलं असतं, का, घसा बरा नाही का? टाहोची वेळ आली, मी तोंड उघडलं, आणि नुसती हवा. परत. हवा. दिग्दर्शक जेवायला गेले होते. ध्वनिमुद्रणवाला एकटा होता काचेपलीकडे, गरीब माणूस, मान खाली घालून बसला. मीच त्याला म्हटलं, सत्ताविसाव्या भागात ठिणग्या टेकडीवरून शर्यत जिंकत येतो, तिथे माझी एक आरोळी आहे, लांबलचक, ती लाव. तो म्हणाला, ताई, ती आनंदाची आहे. मी म्हटलं, ओरडणं ते ओरडणं, गुरुजी मरतात तेव्हा पाऊस कोसळतोय, त्या आवाजात कुणाला कळतंय. लावली. बरोबर बावीस सेकंदांत बसली. मला वाटलं, सुटले.

बाकीचे हसले, पण तुमच्या नातीला कळलं. तिला सांगा — नाही, नका सांगू काही. काय सांगणार? दिग्दर्शकांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, माझा अभिनय चुकला. तो भाग पुन्हा दाखवायचाय, म्हणून आज चार वाजता बोलावलंय, तो टाहो पुन्हा द्यायला. मी हो म्हटलंय. आणि डॉक्टरांनी आज बाराची वेळ दिली आहे ऑपरेशनची, त्यांनाही हो म्हटलंय. आमचे हे खाली गाडीत बसलेत, रजा काढून. त्यांना चार वाजताचं ठाऊक नाही. मी आले ती फक्त विचारायला, एखादं इंजेक्शन द्या, एका दिवसापुरतं, एका टाहोपुरतं, मग काय चिरायचं ते चिरा. तेवढंच विचारायला आलेय. म्हणून तर दोन माणसांना माझ्या आधी आत पाठवलं, शब्द जुळवत बसले होते.

पाणी? नको. सकाळपासून पोटात काही घ्यायचं नव्हतं ना. ... हो, म्हणजे — घेतलं नाही. चुकून. नुसतं विचारायला आलेल्या बाईने उपाशी कशाला यायचं, असंच ना? बाई, तुम्ही वर्गातही अशाच बघत असाल, पोरं आपोआप खरं सांगत असतील.

मी नाही गेले तर एक मुलगी आहे. बावीस वर्षांची. माझं ऐकून ऐकून ती खरखर शिकली आहे, तशीच घसा आवळून. दिग्दर्शक म्हणाले, चाचणीत दहा मिनिटं आम्हाला वाटलं तुम्हीच आहात. मला सांगायची काय गरज होती? दोन रात्री मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले. तिचा काय दोष, पोर आहे. नऊ वर्षांनी इथेच येऊन बसेल, या खुर्चीवर.

जरा धरता माझी पर्स? फोन कुठे गेला ... हां. दिग्दर्शकांनाच लावते.

हॅलो. ... मी बोलतेय. ... कोण म्हणजे काय, मी. ... नाही हो, अनोळखी कुठली, नऊ वर्षं ओळखता मला. ... हो, मीच. घशाच्या डॉक्टरांकडून. ऐका, मला जास्त बोलता येत नाही. चार वाजता त्या मुलीला बोलवा. ... हो, तिलाच. ... पक्कं. आणि तो टाहो चुकला नव्हता, तो जुना होता, मी लावायला सांगितला. त्या ध्वनिमुद्रणवाल्याला बोलू नका, त्याने मला अडवलं होतं. ... ते नंतर बोला मला, काय बोलायचं ते. आधी लिहून घ्या. तिला घसा आवळू देऊ नका, आवाज वेगळा लागला तर लागू दे, पोराचा आवाज फुटतोच या वयात. सकाळची गुरगुर तिला देऊ नका. पहिले दोन सेकंद तिला ओरडू देऊ नका, त्याला अजून समजलेलं नाही, तो फक्त गुरुजींचा हात हलवून बघतोय उठतात का. मग. आणि टाहो झाला की लगेच बदक लावू नका. ... मला माहितेय पडद्यावर लगेच आहे, मी खोलीतलं बोलतेय. दिवे कमी करा, तिला खाली बसू दे, पाणी द्या, दहा मिनिटं कुणी काही बोलू नका तिच्याशी. ... वेळ नाही? एका मुठीला चार भाग आहेत तुमच्याकडे. दहा मिनिटं द्या तिला. मला कुणी दिली नाहीत. ... नाही, रडत नाहीये, आवाजच असा झालाय. ठेवते.

द्या ती पर्स. आणि अशी वही पुढे करू नका हो, वाचून मला बोलावंसं वाटतं. ... आले, सिस्टर. नाही, आता कुणाला माझ्या आधी पाठवायचं नाही, मीच. आमच्या यांना खालून बोलवा, सही करायची आहे. बाई, तुम्ही बसा. मी आता गप्प.