‘वन्स मोअर’ म्हणणारा

द्वारकेच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोन मित्र बोलत होते.

“मुंबईच्या त्या जुन्या रॉक कॉन्सर्टची सीडी ऐकलीस? तू आणि हेमंत गेला होतात ती?”

“ऐकली. गिटारपेक्षा लोकांचाच आवाज जास्त आहे.”

“पुढच्या वेळी साफ करून काढतील.”

“नको रे. दुसरं गाणं संपल्यावर एकजण ‘वन्स मोअर’ ओरडतो, तो हेमंत आहे.”

“नक्की?”

“मी त्याच्या शेजारीच उभा होतो.”

“मग वहिनींना ऐकव. तो गेल्यापासून त्या कोणाशी बोलत नाहीत.”

“ऐकवलं. म्हणाल्या, हा यांचा आवाज नाही.”

“मग?”

“मग काय. लग्नाआधीचा त्याचा आवाज त्यांनी ऐकलेलाच नाही. तो ओळखणारा आता मी एकटाच.”