एकविसाव्या मजल्यावरचा फायटर पायलट

हसू नका रे, पण मी फायटर जेट उडवतो आणि उंचीला माझी जाम टरकते.

घाटकोपरची आमची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला, तेव्हा बाबांनी बिल्डरशी भांडून एकविसावा मजला घेतला. "माझा पोरगा फायटर पायलट, आणि मी काय खाली राहू?" मी सुट्टीवर पोचलो, तर घरात सगळे जुने शेजारी जमलेले. बाबा म्हणाले, "चल, बाल्कनीत उभा राहून सांग, विमानातून कसं दिसतं ते!"

मी दारापर्यंत गेलो, खाली बघितलं आणि चौकट घट्ट धरली.

शेजारचे सावंतकाका म्हणाले, "काय रे, तू तर आकाशात उलटापालटा होतोस ना?"

"काका, तिथे उंची म्हणजे समोरच्या काट्यावरचा नुसता आकडा. शिवाय मला सीटला करकचून बांधलेलं असतं. इथे काय आहे? कमरेएवढा कठडा!"

"अरे घाबरतोस काय, हो पुढे!" बाबा मागून ढकलत होते.

आई आत गेली. प्लास्टिकची खुर्ची आणि दोन ओढण्या घेऊन आली. तिने मला खुर्चीला बांधलं आणि सावंतकाकांनी खुर्ची बाल्कनीत सरकवली. खरं सांगतो, भीती गायब!

"बाबा, झकास आहे, या ना!"

बाबा एव्हाना सोफ्यामागे पोचले होते. आई म्हणाली, "थांब, ह्यांनाही बांधते. चार महिने झाले, ह्यांनी अजून बाल्कनीत पाय ठेवलेला नाही."