परसातला देवदार आणि मी न दिलेल्या शिव्या

नाव: रान सोंगमेई. वय: ६६ वर्षे. धंदा: शेती, थोडा चहा, कोंबड्या. राहणार: वरची वाडी, शांगपिंग. जबाब घेण्यास सुरुवात: १७ नोव्हेंबर २०१९, सकाळी ९.२०.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी पढवलेले नसताना, जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे यजमान पेंग शूगेन सहा वर्षांपूर्वी वारले. दोन मुली लग्न होऊन लांब गेल्या. मुलगा पेंग बिन, वय ३८, शहरात लिफ्ट बसवण्याचे काम करतो.

आजची तक्रार माझ्या मुलाची आहे, माझी नाही. गेल्या वर्षी माझ्या कोंबड्या चोरीला गेल्या म्हणून त्याने परसात कॅमेरा बसवून दिला. परसात हलते ते त्याला शहरात फोनवर दिसते. आज पहाटे पाच वाजता त्याला नऊ माणसे कुऱ्हाड घेऊन दिसली आणि त्याने ठाण्याला फोन केला. मला केला नाही. मी झोपलेली असेन असे त्याला वाटले. मी जागी होते.

साहेबांनी विचारले की, परसातले देवदाराचे झाड चोरीला गेले हे खरे का. खरे आहे. आमच्याकडे नव्या घराच्या आढ्याचे, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या तुळईचे, लाकूड चोरूनच आणायची रीत आहे. खांब, तुळया, फळ्या आपल्या रानातल्या चालतात. आढे चालत नाही. नेणाऱ्यांनी बुंध्यावर लाल कागदात पैसे ठेवून जायचे आणि मालकाने धावत येऊन शिव्या द्यायच्या. जितक्या मोठ्याने, तितके नव्या घराचे भले. जबाब लिहून घेणारे लू साहेब खालच्या मुलखातले, वयाने लहान. त्यांनी पेन खाली ठेवून विचारले, "आजी, म्हणजे चोर कोण ते तुम्हाला आधीच माहीत होतं?" मी म्हटले, "अहो, अख्ख्या वाडीला माहीत होतं. मिंगफूचं घर उभं राहतंय, त्याला आढं काय आभाळातून पडणार?"

श्यांग मिंगफू हा माझा शेजारी, वय ४१. समुद्राकडच्या कारखान्यांत वीस वर्षे काढून बायको-मुलांसह परत आला आहे. आता सगळे सिमेंटचे बांधतात, याने लाकडाचे काढले. त्याच्यावर माझा काडीचाही आरोप नाही.

घर कसे बांधतात हे साहेबांनी विचारलेले नाही. पण ते सांगितल्याशिवाय झाडाचे कळणार नाही, म्हणून सांगते. १९८३ साली डोंगरावरचे रान घरोघर वाटून मिळाले, त्याच हिवाळ्यात यजमानांनी घर काढले. आधी जागा सपाट केली. उतार असा की टोपलीभर माती टाकेपर्यंत पायाखालची दोन टोपल्या घसरायची. मग खांबांखाली बसवायचे दगड नदीवरून वाहून आणले. बिन दोन वर्षांचा, माझ्या पाठीवरच्या करंडीत. मी दगड उचलला की तो मागून "हुप्प" म्हणायचा.

मग थ्यान मिस्त्री आपल्या माणसांना घेऊन अंगणात बसले. तेव्हा ते तिशीचे होते. ना नकाशा, ना कागद. बांबूच्या एका लांब पट्टीवर शाईच्या खुणा, तेवढ्यात सगळे घर. खिळा एकही नाही, खाचेत खुंटी बसवायची. चाळीस दिवस अंगणात भुसा होता, भातात भुसा, बिनच्या केसांत भुसा. त्या लाकडाचा वास मला अजून येतो. पावसाळ्यात जास्त येतो. नंतर जोडलेले सांगाडे एके सकाळी सगळ्या वाडीने दोर आणि बांबू लावून उभे केले. मी वीस कोंबड्या शिजवल्या, तरी रस्सा पुरला नाही.

आढे यजमानांनी श्यांगांच्या रानातून चोरले. मिंगफूची आजी हातात उलथने घेऊन बांधावर आली आणि ऊन वर येईपर्यंत ओरडत होती, "अरे शूगेन, दरोडेखोरा! तुझ्या घरात इतकी माणसं होऊ देत, की तुला पाय ठेवायला जागा मिळू नये! ताट घेऊन उंबऱ्यात बसशील!" यजमानांच्या खांद्यावर लाकूड होते. ते म्हणाले, "आजी, अजून जोरात! मागच्यांना ऐकू आलं नाही!" मी चुलीपाशी हसत होते. त्या दिवशी मिस्त्रींनी आढ्यावर चढून चिकट तांदळाच्या वड्या खाली फेकल्या. यजमान आणि मी माझ्या कमरेचे फडके दोन बाजूंनी धरून उभे राहिलो. पहिल्या दोन वड्या बरोबर त्यात पडल्या. मी आनंदाने ओरडले होते, हे मला आठवते.

आजीची शिवी लागली. पंचवीस वर्षे त्या घरात सात माणसे होती आणि पाहुणे वेगळे. यजमान खरेच उंबऱ्यात जेवायचे. मग सासरे गेले, सासूबाई गेल्या, मुली गेल्या, बिन गेला, शेवटी यजमान. आता पाय ठेवायला जागाच जागा आहे.

आढ्याचे झाड भरल्या घरचेच घेतात. ज्या घरात मुले-नातवंडे आहेत, तिथले. म्हणून मिंगफू माझ्या परसात येईल असे मला वाटले नव्हते. तरी आठ दिवस पहाटे कान देऊन होते, हे कबूल करते. ते झाड घर झाले त्या वर्षी यजमानांनी लावलेले आहे. घराभोवतीचे झाड तोडायला परवाना लागत नाही, तेही लिहून घ्यावे.

आज पहाटे, तोडण्याआधी झाडापुढे लावतात त्या उदबत्तीचा वास आला. मग थ्यान मिस्त्रींचा आवाज आला, "दमानं घ्या." मी उठले, दाराची कडी काढली आणि तोंड उघडले. आवाज फुटला नाही. मला रडू आले. वाडीत माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात, आणि नेमके तेव्हाच असे झाले. ते बांधाशी बराच वेळ थांबले. मिंगफू म्हणाला, "काकू अजून का ओरडत नाहीत?" मिस्त्री म्हणाले, "थांबू अजून जरा." मग ते गेले. सहा वाजून दहा मिनिटांनी पुलावर त्यांना पोलिसांची जीप आडवी आली.

तेव्हापासून ते नऊ जण ठाण्याच्या आवारात झाड खांद्यावर घेऊन उभे आहेत. आढे वर चढेपर्यंत जमिनीला टेकवत नाहीत. शिपायाने तीनदा खाली ठेवायला सांगितले, कोणी ठेवले नाही. मिस्त्री सहासष्ट वर्षांचे आहेत, तेही खांदा काढत नाहीत. मुहूर्ताप्रमाणे आढे आज बाराच्या आत चढले पाहिजे, आणि इथून वाडी पाऊण तासावर आहे. टेकले तर झाड वाया, आणि मिंगफूचे घर उघडेच राहणार.

शिवाय मालकाची शिवी पडल्याशिवाय मिस्त्री आढे चढवत नाहीत. मघाशी आवारात मिंगफू विचारताना खिडकीतून ऐकू आला, "मिस्त्री, सकाळपासून पोलिसांनी दिल्यात की. त्या नाही चालणार?" मिस्त्री म्हणाले, "पगारी शिव्या नाही चालत." मी मिंगफूला विचारले, "माझंच झाड का घेतलंस? घरात मी एकटी." तो म्हणाला, "काकू, लहानपणी जेवायच्या वेळेला मी कुठं असायचो? तुमच्याच उंबऱ्यात, काकांच्या शेजारी. माझ्या माहितीतलं भरलेलं घर ते एकच."

१०.१५ वाजता साहेबांनी माझ्या मुलाला फोन लावून टेबलावर ठेवला. बिन म्हणाला, "आई, तू बाहेर आलीच नाहीस, मी किती घाबरलो! हे असं असतं ते मला कुणी सांगितलं होतं का कधी?" कोणी सांगितले नव्हते. मीच सांगायला हवे होते. ही चूक माझी आहे, तशी नोंद व्हावी. मुलाने तक्रार मागे घेतली.

त्यानंतर १०.३० ते १०.४० जबाब बंद होता. त्या वेळात मी ठाण्याच्या पायरीवर उभी राहून, उजवा हात वर करून, मिंगफूला आणि त्याच्या आठ साथीदारांना शिव्या दिल्या. आवाज फुटला. बाजारातली माणसे गोळा झाली. मिंगफू ओरडला, "काकू, मागच्यांना ऐकू आलं नाही!" लू साहेबांनी स्वतः फाटक उघडले आणि झाड खांद्यावरच बाहेर गेले.

मी आत आले तेव्हा टेबलावरचा फोन चालूच होता. बिन म्हणाला, "आई, नव्या वर्षाला आम्ही सगळे येतो. पोरांना घेऊन." मी म्हटले, "अरे, मी शिव्या मिंगफूला दिल्या."

वरील मजकूर लू साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, बरोबर आहे. शिव्या सरकारी कागदावर घेता येत नाहीत असे ते म्हणाले. एकच लिहिण्यासारखी निघाली, ती माझ्या आग्रहावरून सहीच्या वर घेतली आहे:

मिंगफू, दरोडेखोरा, तुझ्या घरात तुला पाय ठेवायला जागा मिळू नये.