सातवं निशाण

अडकित्ता कट् वाजला आणि दुपारची शांतता मोडली. पाठोपाठ पुढच्या सुपारीच्या वखारीत फोन खणखणला. एकोणीसशे सदतीस सालच्या थंडीतली दुपार, मुरूड गाव. सासरे यूनुसमियां नमाजला गेलेले. सफुरा ओढणी सावरत धावली.

“हॅलो? … कोण, मुंबईहून? हो, हो, द्या… तैयबा! अगं, तू होय! माझा जीव केवढा उडाला. पोरं बरी आहेत? हमीदभाई? … बरं. जरा मोठ्याने बोल बाय, नुसती गाज ऐकू येतेय.”

तैयबा तिची धाकटी बहीण, हमीदभाईंची बायको. सफुराचा नवरा इसहाक सहा दिवसांपूर्वी तिच्याकडेच उतरला होता, गुडघा दाखवायला.

“काय म्हणाला डॉक्टर? … अगं, ऐक ना आधी! त्यांना खुशखबर सांग. हेडमास्तरांचा होकार आला. हो, मीच गेले होते त्यांच्या घरी, तीनदा. सोमवारपासून शाळेत कवायतीचे मास्तर! पोरांना नकाशा वाचायला शिकवायचं, रानात निशाणं लावायची. तेच ना त्यांच्या आवडीचं?”

इसहाकच्या पलटणीत दरसाल नकाशाची शर्यत होई. नकाशा आणि होकायंत्र देऊन गड्यांना रानात सोडायचं. लपवलेली निशाणं शोधून जो आधी परतेल तो जिंकला. इसहाक सलग चार वर्षं पहिला. मग गुडघा गेला आणि शर्यत सुटली. घरी आल्यापासून तो ओट्यावर बसून दर्याकडे बघत राही.

“गेलेच नाहीत डॉक्टरकडे? मग सहा दिवस करताहेत काय? … कुठली कंपनी? … जमिनीतलं तेल शोधणारी? … इराणला? … साहेबांच्या पुढे वाट काढत चालायचं… त्या गुडघ्याने? … तीन वर्षं?”

अडकित्ता अजून तिच्या हातातच होता. तो तिने मेजावर ठेवला, अगदी हळू, जवळ कुणी निजलं असावं तसा.

“नाही, नाही, तुझी गफलत होतेय. ते उद्या येणार. आगरदांड्याला बोटीत चढताना आमच्या फिरोजाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. … कधी सुटलं जहाज? … आज सकाळी? आणि मला आत्ता सांगतेस?

“होकायंत्र खुंटीवर नव्हतं. पाहिलं होतं गं मी! म्हटलं, असू दे, कुणाला जपाची तसबीह लागते, ह्यांना हे. दवाखान्यात जाणाऱ्याला होकायंत्र कशाला, एवढंही सुचू नये मला?

“थांब. अर्ज इंग्रजीत असेल ना? ह्यांना इंग्रजी कुठे येतं? कुणी भरला? … हमीदभाईंनी? … कधी? … रमजानच्या आधी! म्हणजे ईदला तू इथे आलीस, माझ्या हातची सांदणं खाल्लीस, माझ्या शेजारी निजलीस, तेव्हा तुला ठाऊक होतं? … शपथ घातली होती. त्यांनी घातली आणि तू पाळलीस. मी हेडमास्तरांचा उंबरा झिजवत होते आणि हे म्हणत होते, ‘जा, जा, विचारून तर ये.’ तू बहीण कुणाची गं, माझी की त्यांची? … रडू नकोस. तू नको रडूस, ते काम माझं आहे.

“आणि ती निशाणं! माझी लग्नातली लाल ओढणी मागितली. मी फाडून दिली, तैयबा, माझ्या हाताने. सात तुकडे. वाडीत लपवून पोरीला म्हणाले, ‘रोज एक शोधायचं. प्रत्येकावर पुढच्याचा बाण, शेवटच्यावर गोल. गोल म्हणजे शर्यत संपली, अब्बा घरी.’ सहा सापडली तिला. सातवं शोधायला गेलीय आत्ता. काय सांगू मी तिला? तूच सांग ना, तुला सगळं माझ्या आधी कळतं!

“चिठ्ठी? माझ्यासाठी? … वाच. … नाही, आत्ता वाच. … ‘दुसऱ्यांसाठी निशाणं लावत उभं राहायचं माझ्याने…’ हां, पुढे? … ‘सफुरा, तुला सांगितलं असतं तर तू मला…’ काय? मी काय? … तैयबा? … अहो बाई, लाइन तोडू नका, एकच ओळ राहिलीय! हॅलो? … हॅलो?”

फोन मुका झाला. तिने तो कानावरून काढलाच नाही.

दारात फिरोजा येऊन उभी राहिली. पावलांना वाळू, केसांत काटक्या, मुठीत लाल चिंधी.

“अम्मी, मिळालं सातवं! पार शेवटच्या कुंपणाला होतं.” मग तिने चिंधी उलटून पाहिली, परत सुलटी केली. “पण ह्याच्यावर गोल नाही गं. बाण आहे, दर्याकडे. अम्मी, आठवं कुठंय?”